पाच तबकड्यांची साक्ष

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून गावोगावच्या मालांतून श्रोत्यांनी पानिपतही ऐकले आणि अर्थसंकल्पही ऐकला. त्या रांगेत मोटारीच्या पुढच्या फळीवरील मीटरांचा विषय घेऊन उभे राहताना आम्हाला थोडा संकोच वाटतो. इतिहास म्हटला की किल्ले, कागदपत्रे आणि ताम्रपट डोळ्यांपुढे येतात. गॅरेजमधील तेलकट डबी कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. पण गेली दोन वर्षे आम्ही साताऱ्याचे दोघे व सांगलीचे तिघे मिळून एका जुन्या जीपगाडीची पाच मीटरे आमच्या हातांनी दुरुस्त करीत होतो. त्या कामात आम्हाला जो प्रश्न भेटला, तो इतिहासाचाच प्रश्न होता. जुन्या वस्तूला पुन्हा चालते करताना तिच्या साक्षीचे काय करायचे?

प्रथम शब्दाकडे पाहू. डॅशबोर्ड म्हणजे मुळात घोडागाडीच्या पुढची आडवी फळी. घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून ती लावीत. घोडा गेला, चिखलही बराचसा गेला, फळी मात्र राहिली. आणि रिकामी फळी पाहून माणसाने तिच्यावर काटे बसविले. त्या काट्यांची कुळे मात्र फळीहून जुनी आहेत. चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढण्याची युक्ती रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियसने दोन हजार वर्षांपूर्वी वर्णिली आहे. चाकाचे चारशे फेरे झाले की एक मैल पुरा होई आणि एक खडा खालच्या भांड्यात टपकन पडे. मुक्कामावर खडे मोजले की प्रवास मोजला. दाबमापकाचा इतिहास फ्रान्समधला आहे. १८४९ साली यूजेन बूर्दाँ याने चपट्या, वाकविलेल्या नळीचा दाबमापक सिद्ध केला. जत्रेत मुले कागदी पिपाणी फुंकतात तेव्हा तिचे वेटोळे जसे उलगडते, तसेच आत दाब आला की या नळीचे वेटोळे किंचित उलगडते. तेवढ्या हालचालीला काटा जोडला की झाला दाबमापक. वेगमापकाचे एकस्व जर्मनीतील ओटो शुल्झे याने १९०२ साली घेतले. त्यात फिरते चुंबक आणि ॲल्युमिनियमची वाटी एकमेकांना न शिवता शेजारी असतात. चुंबक फिरले की वाटीत विजेचे भोवरे उठतात, वाटी त्याच्यामागे ओढली जाते आणि केसासारखी बारीक कमान तिला मागे खेचते. या ओढाताणीत काटा जेथे स्थिरावतो तो गाडीचा वेग.

आता ही यंत्रे आपल्या मुलुखात आली कशी ते सांगावयास हवे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील विलीज व फोर्ड या कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात राहिलेल्या अनेक गाड्या लिलावात निघाल्या. लोक त्यांना ‘डिस्पोजलची जीप’ म्हणू लागले. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. कृष्णा-वारणेच्या काळ्या मातीत, उसाच्या फडांकडे जाणाऱ्या गाडीवाटांवर चार चाकांना ओढ देणारी ही गाडी रुळली. साखर कारखान्यांच्या उभारणीच्या काळात, कोयनेच्या धरणाच्या कामावर, निवडणुकीच्या प्रचारात ती दिसू लागली. आमची जीप त्यांपैकीच एक. ती आली तेव्हा या भागाचे नाव सांगली जिल्हा नव्हते. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. म्हणजे सातारकर व सांगलीकर या गाडीपाशी एकत्र आले यात नवल काही नाही; तिच्या पहिल्या कागदावर ते एकत्रच आहेत.

या दोन जिल्ह्यांना यंत्रांचे वावडे नव्हते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला आणि १९१० साली औंध संस्थानच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे तेथून गावोगाव गेली. कऱ्हाडजवळ ओगल्यांनी १९१६ साली काच कारखाना काढला, आणि ‘प्रभाकर’ कंदिलाने महाराष्ट्रातील किती घरांची संध्याकाळ उजळली याचा हिशेब करणे कठीण आहे. सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यात नांगर झाले, पुढे डिझेल इंजिने झाली. १९४७ साली सांगलीत अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. नांगर, कंदील, पंप, इंजिन हे सारे येथे झाले. पण मोजणारी यंत्रे बराच काळ बाहेरूनच आली. याचे कारण समजण्याजोगे आहे. नांगराचा फाळ दोन सूत जाड झाला तरी शेत नांगरले जाते. वेगमापकाची कमान केसाच्या जाडीने चुकली तर सारा काटाच खोटे बोलतो. अशा सूक्ष्म कामाला निराळी हत्यारे, निराळी शिस्त आणि मोठी मागणी लागते. म्हणून मीटर बिघडले की येथल्या माणसापुढे दोनच वाटा असत. एक, ते तसेच बंद ठेवणे. आणि दुसरी, घड्याळजीकडे नेणे. जुन्या जीपगाड्यांत पाचांपैकी तीन काटे झोपलेले का दिसतात, याचे उत्तर या इतिहासात आहे.

आमच्या जीपचे तर पाचही काटे झोपले होते. मध्ये ताशी साठ मैलांपर्यंत आकडे असलेला मोठा वेगमापक आणि भोवती चार लहान तबकड्या : पेट्रोल, पाण्याची उष्णता, तेलाचा दाब आणि विजेचा प्रवाह. ‘नवीन बसवा, स्वस्त पडेल,’ असा सल्ला आम्हाला जवळजवळ प्रत्येकाने दिला. तो सल्ला चुकीचा नव्हता. पण नवीन मीटर ही आमच्या गाडीची आठवण नव्हे.

काम सुरू करण्यापूर्वी एका धोक्याची ओळख करून घ्यावी लागली. आपल्याकडे गाडीच्या नंबरपट्टीवर चमकती अक्षरे चिकटवून देणाऱ्याला ‘रेडियमवाला’ म्हणतात. त्याच्या दुकानात रेडियमचा कणही नसतो, पण नावात जुना इतिहास शिल्लक आहे. क्यूरी दांपत्याने १८९८ साली शोधलेले खरे रेडियम पुढे अंधारात चमकणाऱ्या रंगात मिसळले जाऊ लागले, आणि युद्धकाळातील अनेक विमानांच्या व वाहनांच्या तबकड्यांवर तो रंग असे. अमेरिकेत कुंचल्याला ओठांनी टोक काढीत तबकड्या रंगविणाऱ्या तरुण मुली त्याने हाडे कुजून मेल्या. त्यांचा दावा १९२८ साली तडजोडीने मिटला, पण तोवर पुष्कळ उशीर झाला होता. जुनी तबकडी आता चमकत नाही म्हणून ती निरुपद्रवी झाली असे समजू नये. चमक देणारा क्षार थकतो. रेडियम मात्र सोळाशे वर्षांत निम्मे होते. अशी तबकडी खरवडणे, घासणे किंवा तिच्यावर फुंकर मारणे म्हणजे ती धूळ छातीत घेणे होय. संशय आला तेथे आम्ही हत्यार खाली ठेवले. महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी उपकरण लावून तबकड्या तपासल्या व त्या निर्धोक आहेत असे सांगितले, तेव्हाच पुढे गेलो. घरी हे काम करू पाहणाऱ्यांना आमची पहिली विनंती हीच आहे.

मग एकेक डबी उघडली. पेट्रोलच्या काट्याने आम्हाला नम्रता शिकविली. टाकीत तरंगणाऱ्या पोकळ डब्याची दांडी एका तारेवरून सरकते, विजेचा प्रवाह कमीजास्त होतो आणि काटा हलतो. चार रविवार आम्ही डबी, तार, दांडी सारे तपासले. दोष निघाला टाकीच्या बुडाशी, गंजाखाली. तेथे अर्थिंगच तुटले होते. कानशीने दोन मिनिटे घासले आणि काटा जागा झाला. गाडी मुळात सहा व्होल्टची. मध्यंतरी कोणी तिला बारा व्होल्टची बॅटरी लावली असती तर ही डबी जळून गेली असती, आणि पुष्कळ जीपगाड्यांत तसेच झालेले आहे. प्रवाहमापकात दुरुस्तीसारखे थोडेच होते, पण सावधगिरीचे फार. स्टार्टरखेरीज गाडीची जवळजवळ सारी वीज त्याच्या पाठीवरील दोन खिळ्यांतून जाते. ते सैल राहिले तर तापतात आणि आग लागते. आम्ही खिळे घट्ट केले व खालच्या कुजलेल्या चकत्या बदलल्या. तेलाच्या दाबाचे मीटर बूर्दाँच्या नळीचे. टायरच्या दुकानातील हवेची नळी, एक भरवशाचा दाबमापक आणि आमची डबी अशी तिघांची जोडणी करून आकडे ताडून पाहिले. अंतर दोन पौंडांचे होते. ते आम्ही तसेच राहू दिले.

खरी कसोटी उष्णतामापकाने घेतली. त्याच्या टोकाचा गोळा इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असतो आणि तेथून सुतळीहून बारीक अशी पोकळ तांब्याची नळी डबीपर्यंत येते. आत ईथर असते. आमची नळी तुटलेली होती, म्हणजे ईथर केव्हाच उडून गेले होते. भंगारातून एका जुन्या ट्रॅक्टरचा तापमापक आणला. त्याचा गोळा आणि नळी सजीव होती. ती कापून आमच्या डबीला जोडायची होती. पण ईथर पस्तीस अंशांच्या आसपास उकळते आणि सांगलीचा उन्हाळा त्याहून कडक! नळी कापताच सारे उडून जाणार. तेव्हा घरात पॉट आइस्क्रीम करतात त्या युक्तीने बर्फ व मीठ यांच्या चुऱ्यात गोळा पुरला. ईथर आत गोठून बसल्यासारखे शांत झाले. मग नळी कापली, टोकांवर बारीक नळकांडे चढविले आणि डाख दिला. ईथरची वाफ पेट घेते, म्हणून काम उघड्या अंगणात, ज्योत न वापरता, तापविलेल्या खिळणीने केले. पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या नळीवर तो साधला.

मग गोळा उकळत्या पाण्यात धरला. काटा २१२ अंश फॅरनहाइटवर जायला हवा होता. तो २०९ च्या आसपास थांबला. आम्ही खिन्न झालो. तेवढ्यात आमच्यातल्या निवृत्त शिक्षकांनी विचारले, ‘अहो, सांगली काय समुद्रकाठी आहे?’ सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे आणि येथे पाणी अठ्ठ्याण्णव सेल्सियसच्या जवळच उकळते. काटा अचूक होता, चुकलो होतो ते आम्ही. तेच भांडे महाबळेश्वरी नेले असते तर काटा आणखी चार-पाच अंश खाली थांबला असता. आपल्या ज्ञानाचा तराजूही अधूनमधून तोलून पाहावा लागतो, हे एका ट्रॅक्टरच्या नळीने आम्हाला शिकविले.

शेवटी मोठा वेगमापक. या जातीच्या मीटरात केबलच्या एक हजार फेऱ्या म्हणजे एक मैल. तेव्हा केबलचे टोक मिनिटाला हजार फेऱ्यांनी फिरविले की काट्याने साठ दाखवावयास हवे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका लेथवर आम्ही ही परीक्षा घेतली. काटा अठ्ठेचाळीसवर थबकला. जुने, सुकून घट्ट झालेले वंगण काढले तेव्हा बावन्नवर आला. उरलेला दोष चुंबकाचा होता. वय झाले की चुंबकही थकते. मॅग्नेटो दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी त्याला पुन्हा बळ दिले आणि मिरजेच्या एका घड्याळजींनी कमान सरळ केली. मिरजेत शस्त्रांना धार लावणारे शिकलगार तंबोरे-सतारी घडवू लागले, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. हाताचे कसब एका धंद्यातून दुसऱ्यात जाते ते असे. काटा साठावर आला तेव्हा लेथवाल्या पोराने टाळी वाजविली.

आणि नेमके तेव्हाच आमच्या ध्यानात आले की मैलांचा आकडाही पुढे सरकला आहे. जीप अंगणात उभी होती, आणि तिच्या नोंदीत नऊ मैल वाढले होते.

त्या आकड्यांची हकीकत आता सांगतो. मीटर उघडण्यापूर्वी त्यावर ४१,३८६ मैल होते. पण गाडीसोबत आलेल्या एका जुन्या वहीत १९६१ सालीच अडुसष्ट हजारांहून अधिक मैलांची नोंद सापडली. भिंग लावून पाहिले तेव्हा आकड्यांच्या चाकांवर बारीक ओरखडे दिसले आणि एक आकडा रांगेतून किंचित ढळलेला दिसला. आमच्यातला तरुण गडी म्हणाला, ‘कोणीतरी आकडे मागे फिरविले. चोरी उघड आहे.’ दुसऱ्याचे म्हणणे, ‘९९,९९९ नंतर मीटर पुन्हा शून्यावर येते. गाडी एकदा लाख ओलांडून आली असेल.’ तिसरा म्हणाला, ‘कोणा सज्जन मिस्त्रीने दुसऱ्या गाडीचे मीटर बसविले असेल आणि ओरखडे त्याच्या चिमट्याचे असतील.’ तिन्ही शक्य होते. सिद्ध एकही नव्हते.

येथे आम्हाला राजवाड्यांची आठवण झाली. वाईस मिळालेल्या कागदांतून विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ याचा पहिला खंड प्रसिद्ध केला, आणि अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही हा आग्रह महाराष्ट्राच्या मनावर बिंबविला. कागदाला वाळवी लागली असेल तर फाटक्या जागी आपल्या मनचे शब्द भरण्याचा अधिकार संपादकाला नाही. जागा रिकामी ठेवावी आणि रिकामी ठेवली हे सांगावे. जुनी तबकडी हाही एक कागद आहे. तिच्यावरचा डाग, तिचा उडालेला रंग, तिचा संशयित आकडा ही तिची अक्षरे आहेत.

मग आमच्यात वाद झाला. एकाने सुचविले, ‘सारे नवे झाले, आकडे शून्यावर आणू, गाडीचा पुनर्जन्म!’ दुसऱ्याने सुचविले, ‘अडुसष्ट हजारांवर नेऊ, तेच सत्याच्या जवळ आहे.’ पहिली सूचना मोहाची होती आणि दुसरी पुण्याईची. पण दोन्हींत आम्ही जे पाहिले नाही ते लिहिणार होतो. तिसरा वाद मैलांचा. १९५६ च्या मापांच्या कायद्यानंतर देशात दशमान पद्धत आली, रस्त्यांवरचे मैलाचे दगड किलोमीटरचे झाले. मग तबकडीही किलोमीटरची रंगवू या का? रंगारी तयार होता. पण पुणे-बंगळूर रस्त्यावर मैलांचे दगड उभे असतानाच ही गाडी धावली आहे. आम्ही ‘नको’ म्हटले, आणि काचेबाहेर फळीवर एक लहानशी तक्त्याची चिठ्ठी लावली : तीस मैल म्हणजे सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटर. चालविणाऱ्याची सोय झाली आणि तबकडीला धक्का लागला नाही. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील जुन्या गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले. त्यांतही सांगाडा, बांधणी आणि इंजिन मूळ असावे अशी अट आहे. काट्यांविषयी कायदा बोलत नाही. तेथे आपल्या सदसद्विवेकानेच बोलले पाहिजे.

या निश्चयाची किंमतही पडली. जीप चालू झाल्याची वार्ता ऐकून एक गृहस्थ ती विकत घ्यावयास आले. त्यांनी मीटर पाहिले, हर्षभरित झाले आणि म्हणाले, ‘बेचाळीस हजारही झालेली नाही!’ आम्ही ती जुनी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, चहा घेतला आणि जाताना मघाच्या किमतीतून बरीच रक्कम उतरवून सांगितली. आमच्यातल्या तरुणाने त्या रात्री आमच्याशी अबोला धरला. दोन दिवसांनी तो आला तो हातात घासकागद घेऊन. हॉर्नचे बटण राहिले होते. गाडी अजून आमच्याकडेच आहे.

आपल्या हातांनी करण्याची हौस या मातीत अजून जिवंत आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी चिमुकली जीप बनविली. २०२२ साली महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना नवी बोलेरो दिली. ते निर्मितीचे काम होते, आणि निर्मात्याला मोकळीक असते. दुरुस्ती करणाऱ्याला ती नसते. त्याच्या आधी कोणीतरी येऊन गेलेले असते आणि त्याच्यानंतर कोणीतरी येणार असते.

हे आम्हाला तेलाच्या दाबाच्या डबीने शिकविले. तिचे मागचे झाकण काढले तेव्हा आतल्या अंगाला खिळ्याने कोरलेली अक्षरे दिसली : ‘सन ५३. काच नवी.’ नाव नाही, गाव नाही. घड्याळजी घड्याळाच्या झाकणात आपल्या दुरुस्तीची खूण करतात, तशीच ती खूण. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराने आपण जेवढे केले तेवढेच लिहिले होते. आम्ही मोठ्या मीटरचे झाकण लावण्यापूर्वी त्याच्या आत आमची चिठ्ठी ठेवली. तीत लिहिले : ‘उघडले तेव्हा ४१,३८६. वहीत १९६१ साली ६८ हजारांवर. चाकांवर ओरखडे, कारण अज्ञात. चुंबक भरले, कमान सरळ केली. लेथवरील परीक्षेत नऊ मैल आमच्या हातून वाढले. गाडी तेवढी चाललेली नाही.’ मग झाकण बसविले आणि चारही स्क्रू घट्ट केले.